रँग्लर महाजनी : साताऱ्याच्या गणितज्ञाने उलगडलेले लोखंडाचे कोडे

पदार्थविज्ञानाची पदवी घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली खरी कसोटी प्रयोगशाळेत नव्हे, गणिताच्या वहीत लागते. कलन, अनंत श्रेणी, विकलक समीकरणे आणि सदिश यांवर हात बसल्याशिवाय निसर्गाचे नियम केवळ पाठ होतात, उमगत नाहीत. पश्चिम महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना हे गणित ज्यांनी शिकवले, त्यांत डॉ. गणेश सखाराम महाजनी यांचे नाव अग्रभागी आहे.

महाजनींचा जन्म २७ नोव्हेंबर १८९८ रोजी साताऱ्यात झाला. शालेय शिक्षण तेथेच झाले. त्या काळी सातारा व सांगली परिसरात महाविद्यालय नव्हते. उच्च शिक्षणासाठी कोल्हापूरचे राजाराम कॉलेज किंवा पुणे, हेच जवळचे पर्याय होते. महाजनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १८९९ मध्ये केंब्रिजचे सीनिअर रँग्लर ठरलेले र. पु. परांजपे तेव्हा तेथे प्राचार्य होते. त्यांच्या यशाने महाराष्ट्रातील हुशार मुलांपुढे गणिताचा एक ध्रुवतारा उभा केला होता. महाजनींनीही तीच वाट धरली आणि केंब्रिजचे सेंट जॉन्स कॉलेज गाठले.

तेथील ट्रायपॉस परीक्षेत शुद्ध गणिताबरोबरच यामिकी, विद्युत व चुंबकत्व यांचेही कठीण प्रश्न सोडवावे लागत. रँग्लरांचे क्रमांक जाहीर करण्याची प्रथा १९०९ नंतर बंद झाली होती. तरी प्रथम वर्गात येणाऱ्याला रँग्लर हीच पदवी लाभे. महाजनींनी ती मिळवली आणि प्रतिष्ठेचे स्मिथ पारितोषिकही पटकावले.

त्यांचे खरे कर्तृत्व मात्र परीक्षेपलीकडचे होते. १९२० च्या दशकात शास्त्रज्ञांनी लोखंडाच्या एकसंध स्फटिकांवर मोजमापे केली. हा स्फटिक घनाच्या कडेच्या दिशेने सहज चुंबकित होतो, मात्र कर्णाच्या दिशेने त्याला अधिक प्रबळ क्षेत्र लागते, असे दिसून आले. निकेलचे वर्तन नेमके उलटे होते. अणूंना बिंदुरूप चुंबक मानून गणित मांडले, तर घनाकृती रचनेत सर्व दिशा सारख्याच ठरत आणि प्रयोगात दिसणारा भेद गणितात उमटतच नसे. महाजनींनी या मूलभूत चुंबकांना बिंदू न मानता सान्त आकार दिला आणि श्रेणीतील पुढची पदे हिशेबात घेतली. दिशांचा भेद तेथेच दडलेला असल्याचे त्यांनी दाखवले. १९२९ मध्ये हा प्रबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थी ज्या श्रेणी कंटाळत सोडवतात, त्यांच्याच बळावर लोखंडाच्या अंतरंगाचा वेध घेता येतो, याचा हा वस्तुपाठ होता.

पुढे पुंजयामिकीने या कोड्याची अधिक सखोल उकल केली. महाजनींचे पाऊल त्या वाटेवरच्या सुरुवातीच्या टप्प्यावरचे होते. संशोधनाचा हा धागा पकडून परदेशात नाव कमावण्याची पात्रता त्यांच्याकडे होती. पण त्यांनी मायदेशीचा फळा निवडला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या सेवेची परंपरा त्यागाची होती. तेथे अल्प वेतनावर आयुष्याची उमेदीची वर्षे द्यावी लागत. महाजनी फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य झाले. विश्लेषणाची मुळाक्षरे शिकवणारे ‘लेसन्स इन एलिमेंटरी ॲनालिसिस’ आणि चल अक्षांच्या पद्धतीने वक्र व पृष्ठांची भूमिती मांडणारे पुस्तक ही त्यांची ग्रंथसंपदा याच निवडीचे फळ होय. चल अक्षांची ही पद्धत फिरत्या वस्तूंच्या गतीचा अभ्यास करणाऱ्यालाही तितकीच उपयोगी पडते.

याच संस्थेने १९१९ मध्ये सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले आणि कृष्णाकाठच्या मुलांचा पुण्याचा फेरा वाचला. महाजनींच्या विद्यार्थिदशेत जे दार बंद होते, ते पुढच्या पिढीला आपल्या गावाजवळच उघडे झाले.

१९४७ मध्ये जयपूरला स्थापन झालेल्या राजपुताना विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले. १९५३ मध्ये दिल्ली विद्यापीठाची आणि १९७२ मध्ये पुणे विद्यापीठाची धुरा त्यांच्याकडे आली. या प्रशासकीय मानमरातबात संशोधक महाजनी मात्र मागे पडले, ही किंमत नाकारता येत नाही. एका बुद्धिमंताचे संशोधन थांबले, पण त्या बदल्यात असंख्य वर्गांत गणित जिवंत राहिले. हा सौदा तोट्याचा होता की लाभाचा, याचे उत्तर पदवीच्या पहिल्या वर्षाला कलनाशी झुंजणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत शोधावे लागेल.