रामशास्त्री प्रभुणे

ग्रीक कवी इस्किलस याचे ‘अगमेम्नॉन’ हे नाटक इ. स. पू. 458 मध्ये अथेन्स येथे रंगभूमीवर आले. त्यात राणी व राजाचा चुलतभाऊ एगिस्थस संगनमताने राजाचा वध घडवितात व राज्य बळकावतात. नगरातील वृद्ध त्यांचा धिक्कार करितात. परंतु धिक्कारावाचून त्यांच्या हाती काहीच नसते. हे कथानक वाचताना आम्हांस पुण्याच्या शनिवारवाड्याचे स्मरण झाले. भाऊबंदकी म्हणजे काय, हे मराठी वाचकास समजावून सांगावे लागत नाही!

रामशास्त्र्यांचा जन्म साताऱ्याजवळील माहुली गावचा. बालपणी ते एका सावकाराच्या घरी चाकरीस होते. तेथील अपमान जिव्हारी लागून ते काशीस गेले व विद्वान होऊन परतले, असे सांगतात. 1759 च्या सुमारास ते पेशव्यांचे मुख्य न्यायाधीश झाले. थोरले माधवराव जपतपात गढून कारभाराकडे दुर्लक्ष करू लागले, तेव्हा शास्त्रीबोवांनी त्यांसही कानउघाडणी करण्यास मागेपुढे पाहिले नाही; आणि त्या तरुण पेशव्याने ती मानली, हा त्याचा मोठेपणा.

आपल्या जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्याच काठी, बीडकडील राक्षसभुवनास, 1763 मध्ये निजामाच्या फौजेशी लढताना संकटात सापडलेल्या राघोबादादांस याच माधवरावांनी सोडविले. त्यानंतर दहाच वर्षांनी, 30 ऑगस्ट 1773 रोजी, माधवरावांचा धाकटा भाऊ नारायणराव गारद्यांच्या तलवारीखाली पडला. वय अवघे अठरा! दादांनी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे मिळविली. आता रीतीप्रमाणे ते धनी झाले होते, व दरबारी मंडळी मुजरे करू लागली होती.

परंतु शास्त्रीबोवांनी चौकशी आरंभिली. ‘ध’ चा ‘मा’ कोणी केला, याविषयी लोकांनी आनंदीबाईंस दोष दिला; शास्त्रीबोवांचा निर्णय मात्र खुद्द दादांवर होता. या पापास देहान्तावाचून प्रायश्चित्त नाही, असे त्यांनी दादांस समक्ष सांगितले, आणि पद सोडून ते पुण्याबाहेर पडले. हाती ना फौज, ना खजिना. तरी त्या निर्णयाने दादांच्या वस्त्रांवरील डाग सर्वांस दिसला. पुढे बारभाईंनी दादांविरुद्ध कारस्थान उभारले. 1774 मध्ये नारायणरावांच्या पश्चात जन्मलेल्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावास वस्त्रे मिळाली.

शास्त्रीबोवा पुन्हा न्यायासनावर आले व 1789 मध्ये निवर्तले. एका दिवसाच्या गरजेपलीकडे घरात काही ठेवावयाचे नाही, हा त्यांचा नेम ग्रँट डफने नोंदविला आहे.