गोटी सोड्यापासून बिअरच्या केगपर्यंत: जोसेफ प्रिस्टलीची गोष्ट

माझं लहानपण भिवंडीत गेलं. यंत्रमागांच्या खडखडाटातही सोडावाल्याने बाटलीची गोटी दाबली की आम्हाला लगेच कळायचं. पुढे एकदा गोदामात बिअरचे स्टीलचे केग उतरताना पाहिले आणि डोक्यात आलं, यात गॅस जातो कसा? शोधत गेलो तर थेट एका पाद्रीबाबापाशी पोचलो.

जोसेफ प्रिस्टलीचा जन्म १७३३ चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. बोलताना अडखळायचा, तरी धर्मोपदेशक झाला. १७६७ मध्ये लीड्सला राहायला गेला, तर शेजारीच बिअरचा कारखाना! आंबणाऱ्या बिअरच्या पिंपावर एक जड वायू साचतो आणि त्यात जळती काडी विझते, हे त्याने पाहिलं. हाच आपला कार्बन डायऑक्साइड. त्या थरात त्याने या भांड्यातून त्या भांड्यात पाणी ओतलं. पाणी चुणचुणीत झालं.

१७७२ मध्ये खडू आणि गंधकाम्लातून गॅस काढून असं पाणी कसं बनवायचं, ते त्याने सरळ छापून टाकलं. १७७३ मध्ये रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं. पैसे मात्र दुसऱ्यांनी कमावले. त्यात पुढे श्वेप्स कंपनी काढणारा याकोब श्वेप होता.

केगमध्ये आजही तत्त्व तेच आहे, फक्त जोडीला थंडावा आणि दाब आला. बिअर साधारण ४ अंश सेल्सिअसला ठेवून सिलिंडरचा दाब १२ पीएसआयवर लावला, की आठवड्याभरात बिअरच्या आकारमानाच्या सुमारे अडीच पट गॅस तिच्यात मुरतो. केग गरम असेल तर तेवढ्याच दाबाला कमी गॅस मुरतो. दुसरी पद्धत जुनी आहे: थोडी साखर घालून केग बंद करायचा, उरलेलं यीस्ट आतच गॅस तयार करतं.

प्रिस्टलीचं पुढे वाईट झालं. त्याने फ्रेंच राज्यक्रांतीची बाजू घेतली होती. जुलै १७९१ मध्ये बर्मिंगहॅममध्ये जमावाने त्याचं घर, प्रयोगशाळा, पुस्तकं, हस्तलिखितं सगळं जाळलं. बॅकअप कुठला असणार तेव्हा! १७९४ मध्ये तो अमेरिकेला गेला, तिथे पुन्हा प्रयोगशाळा मांडली आणि १८०४ मध्ये पेनसिल्व्हेनियात वारला.

घरात ठेवलेलं जळालं. सोड्याची कृती मात्र १९ वर्षं आधीच लोकांच्या हातात गेली होती, म्हणून ती वाचली. आता गोटी सोडा पिताना मला त्याची आठवण येतेच.