खंजिरी थांबते तेव्हा

अमरावतीहून नागपूरकडे निघालं, की वाटेत मोझरी लागते. लहानपणी वडिलांचं बोट धरून मी तिथे पहिल्यांदा गेलो, तो आश्विन वद्य पंचमीला. दिवसभर खंजिरी भजनांचा गजर चालला होता. दुपार कलली आणि ४ वाजून ५८ मिनिटांनी सारं एकदम थांबलं. एवढी अफाट गर्दी, पण कुठे हूं की चूं नाही! ११ ऑक्टोबर १९६८ रोजी याच घटकेला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी देह ठेवला, हे वडिलांनी नंतर सांगितलं. जन्मभर गात राहिलेल्या माणसाला श्रद्धांजली मौनाची! मला त्याचं भारी नवल वाटलं.

महाराज मूळचे यावलीचे. ३० एप्रिल १९०९ रोजी एका गरीब शिंप्याच्या घरी जन्मले. नाव माणिक. शाळा तिसरीपर्यंत. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी या पोराला ‘तुकड्या’ केलं. हाती आली ती खंजिरी. तळहाताएवढं वाद्य, झोळीत मावणारं, चालता चालता वाजणारं. ज्या गावात वीज नव्हती, पेटी-तबला नव्हता, तिथेही त्यांचं भजन पोचलं ते त्यामुळेच.

१९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. १९३६ साली गांधीजींच्या सहवासात सेवाग्रामला राहिले. १९४२ साली चिमूर-आष्टी पेटली, त्यामागे इंग्रज सरकारला या भजनांचा हात दिसला. महाराजांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरचा तुरुंग घडला. बंदूक नाही, काठी नाही. सरकारला धास्ती होती ती खंजिरीची! पुढे १९५५ साली हीच खंजिरी जपानच्या विश्वधर्म परिषदेत वाजली.

पण महाराजांनी नुसतं गायलं नाही. अस्पृश्यता सोडा, व्यसन सोडा, गाव झाडा, असं ते सांगत राहिले. ४१ अध्यायांची ‘ग्रामगीता’ त्याचसाठी लिहिली.

त्या पंचमीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती खराट्याच्या आवाजाने. वडील आमच्या गल्लीचं तोंड झाडत होते. ना भजन, ना खंजिरी. मौनानंतर काय करायचं असतं, ते मला तेव्हा कळलं. आज वडील नाहीत. खराटा मात्र दाराआड आहे, आणि पंचमी जवळ आली, की माझा हात आपसूक त्याच्याकडे जातो.