पदवीविना घडलेला पुरुषार्थ : शेठ वालचंद हिराचंद

जैन समाजाच्या औद्योगिक इतिहासात शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव अग्रभागी आहे. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने स्वदेशात तयार व्हावीत, हा ध्यास घेऊन त्यांनी तिन्ही कारखाने प्रत्यक्ष उभे केले. मात्र या उद्योगमहर्षींजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती आणि त्यांच्या उद्यमाचा पहिला रूळ धाराशिव जिल्ह्याच्या मातीत अंथरला गेला, या दोन गोष्टी आजच्या तरुण पिढीला फारशा ठाऊक नाहीत.

वालचंदजींचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापूर येथे एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. सोलापुरात कापसाचा व्यापार आणि सावकारी हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. घरात धर्माचरण होते, तसेच विद्येचा आदरही होता. 1899 मध्ये मॅट्रिक झाल्यावर वालचंदजींना उच्च शिक्षणासाठी पाठविण्यात आले. मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन या दोन्ही महाविद्यालयांत त्यांनी अध्ययन केले. परंतु पदवी हाती येण्यापूर्वीच ते शिक्षण सोडून सोलापूरला परतले.

घरच्या पेढीवर स्थान तयारच होते. तथापि व्याजबट्टा आणि कापसाची खरेदी-विक्री यांत त्यांचे मन रमेना. अशा वेळी त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. निविदा कशी भरावी, मोजमाप कसे तपासावे, कामाचा दर कसा बसवावा, ही सर्व माहिती त्यांना होती. उणीव होती ती भांडवलाची. वालचंदजींकडे भांडवल आणि पत होती. कामाचे ज्ञान मात्र नव्हते. दोघांची भागीदारी जमली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या टप्प्याचे काम त्यांनी घेतले.

तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. ठेकेदारीचे काम पेढीवर बसून होणारे नव्हते. मातीचा भराव, मोऱ्यांचे बांधकाम, खडी फोडून घेणे, मजुरांची हजेरी आणि आठवड्याचा पगार, हे सारे उन्हात उभे राहून पाहावे लागे. ठेकेदाराने आधी पदरचा पैसा घालावा, मोजमाप झाल्यावर बिल मिळावे, आणि दर चुकला तर तोटा सोसावा, असा हा व्यवहार होता. महाविद्यालयाने न शिकविलेले हिशेबशास्त्र वालचंदजी या माळरानावर शिकले. बार्शी-लातूर मार्गाची ती अरुंद वाट आज रुंदमापी झाली आहे. परंतु येडशी-तडवळ्याहून जाणाऱ्या प्रवाशाने हे स्मरण ठेवावे, असे या भूमीचे भाग्य आहे.

पुढे कामांचा व्याप वाढत गेला. 1920 मध्ये टाटा समूहाबरोबर टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली आणि बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांसारखी अवघड कामे तिने पार पाडली. त्याआधी 1919 मध्ये नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसमवेत त्यांनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. 5 एप्रिल 1919 रोजी या कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. हाच दिवस पुढे राष्ट्रीय सागरी दिन ठरला. ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून या कंपनीची कोंडी केली. 1923 मध्ये करार करून कंपनीला मुख्यतः किनारी मालवाहतुकीपुरते मर्यादित राहावे लागले. तरीही वालचंदजींनी धीर सोडला नाही.

शेती-उद्योगातही त्यांची दृष्टी तशीच होती. मालेगाव तालुक्यातील रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातील आजचे वालचंदनगर येथे त्यांनी ऊसशेती व साखर कारखाने उभारले. 1940 च्या डिसेंबरमध्ये बंगळूर येथे म्हैसूर सरकारच्या सहकार्याने हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. महायुद्धाच्या काळात 1942 मध्ये सरकारने तिचा ताबा घेतला. 1941 मध्ये विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविली गेली. तेथे बांधलेल्या ‘जलउषा’ या जहाजाचे जलावतरण 1948 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. 1927 मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापनाही त्यांनीच केली. 1949 मध्ये पक्षाघाताने त्यांना गाठले. पत्नी कस्तुरबाईंनी अखेरपर्यंत त्यांची सेवा केली. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

या चरित्राचा अर्थ मात्र जपून लावला पाहिजे. पदवी सोडली म्हणून वालचंदजी मोठे झाले नाहीत. त्यांच्या पाठीशी घराण्याचे भांडवल होते, पत होती; प्रत्येक तरुणाजवळ ती असत नाही. परंतु ज्याच्याजवळ भांडवल नाही त्यानेही या कथेतील दुसऱ्या नायकाकडे पाहावे. फाटक हे साधे कारकून होते. नोकरीत राहून त्यांनी कामाची बारीकसारीक माहिती मिळविली आणि तीच त्यांची भागीदारीतील पुंजी ठरली. कसब हेही भांडवलच आहे, हा या भागीदारीचा बोध आहे.

लोहारा तालुक्यातील अनेक तरुण-तरुणी बारावीनंतर महाविद्यालयात न जाण्याचा निर्णय घेतात. कोणी परिस्थितीमुळे, कोणी स्वेच्छेने. त्यांना नालायक ठरविणे हा अन्याय आहे. आयटीआयमधील वीजतंत्री, जोडारी, वेल्डिंग यांसारखे अभ्यासक्रम, 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार कारखान्यात विद्यावेतनासह मिळणारे प्रशिक्षण, दुकानात राहून खरेदी, उधारी आणि हिशेब शिकणे, किंवा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून स्वतःचा लघुउद्योग उभारणे, असे मार्ग त्यांच्यापुढे आहेत. अट एकच आहे : महाविद्यालय सोडले तरी शिकणे सोडू नये. त्याचबरोबर समाजातील व्यापारी आणि ठेकेदार बंधूंनी अशा तरुणांना हरकामे म्हणून न राबविता उमेदवार म्हणून जवळ करावे. वही, मोजमाप आणि दर त्यांच्यापासून लपवू नयेत.

सांगली येथे 1947 मध्ये स्थापन झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे वालचंदजींचे नाव देण्यात आले. पदवी न घेतलेल्या पुरुषाच्या नावाच्या संस्थेतून आजवर असंख्य अभियंते पदवी घेऊन बाहेर पडले आहेत. वालचंदजींच्या कारखान्यांना अभियंतेही लागले आणि कुशल कामगारही. ज्ञान कोठून आले यापेक्षा ते कामी कसे येते, याकडे त्यांची दृष्टी राहिली. लोहाऱ्यातील पालकांनीही आपल्या पाल्याचा मार्ग ठरविताना हीच दृष्टी ठेवावी.