मनाला माप लावणारे फेकनर

गुस्टाव फेकनर यांचा जन्म १९ एप्रिल १८०१ रोजी तेव्हाच्या जर्मन प्रदेशातील एका खेड्यात धर्मोपदेशकाच्या घरी झाला. वडील लवकर वारले. लाइपझिगला वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते १८३४ मध्ये तेथेच भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. दृष्टीच्या अभ्यासासाठी ते रंगीत काचांतून सूर्याकडे पाहत. त्यामुळे डोळे बिघडले, प्राध्यापकपद गेले आणि सुमारे तीन वर्षे अंधाऱ्या खोलीत काढावी लागली.

१८४३ मध्ये ते सावरले. मनाला होणारी संवेदना मोजायची कशी, हा त्यांचा ध्यास होता. २२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी अंथरुणातच त्यांना वाट सुचली.

लाइपझिगचेच प्राध्यापक वेबर यांनी त्याआधी वजनांचे प्रयोग केले होते. मुलांनो, तुम्हीही करून पाहा. १ किलोच्या पिशवीत १०० ग्रॅम डाळ घातली तर हाताला फरक कळतो. १० किलोच्या पिशवीत कळत नाही. मूळ वजन जितके जास्त, तितकी भर जास्त लागते. असा जेमतेम कळणारा फरक ही संवेदनेची एक पायरी, असे फेकनर यांनी मानले. म्हणजे वजन, उजेड किंवा आवाज पटीपटीने वाढला, तरी संवेदना एकेका पायरीनेच वाढते.

हे त्यांनी १८६० मध्ये ग्रंथरूपाने मांडले. १९५७ मध्ये अमेरिकेतील स्टीव्हन्स यांनी वेगळे सूत्र सुचवले. पण संवेदना मोजता येते, हे दाखवले फेकनर यांनीच. १८ नोव्हेंबर १८८७ रोजी लाइपझिगला त्यांचे निधन झाले.

मुलांनो, सूर्याकडे मात्र कधीही टक लावून पाहू नका. फेकनर यांची चिकाटी तेवढी घ्या.