पेशीच्या भिंतीचा शोध घेणारा कारखानदार

वृत्तपत्राचा कागद, अंगावरचा सुती सदरा आणि घराच्या दाराची लाकडी चौकट या तिन्ही वस्तू दिसायला अगदी भिन्न. पण त्यांचा मुख्य घटक एकच आहे. तो म्हणजे सेल्युलोज. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवतीची भिंत प्रामुख्याने याच पदार्थाच्या धाग्यांवर उभी असते. हे जगाला प्रथम दाखवून देणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन हे मूळचे प्राध्यापक नव्हते, तर कारखानदार होते.

पायेन यांचा जन्म पॅरिसमध्ये ६ जानेवारी १७९५ रोजी झाला. वडील व्यवसायाने वकील. परंतु पुढे त्यांनी रासायनिक कारखाने काढले. मुलाला विज्ञानाचे पहिले धडे त्यांनीच दिले. नंतर व्होकेलँ आणि शेव्ह्रल या नामवंत रसायनशास्त्रज्ञांकडे पायेन यांचे शिक्षण झाले. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांच्याकडे टाकणखार शुद्ध करण्याचा कारखाना आला. त्या काळी या व्यापारावर डच व्यापाऱ्यांची मक्तेदारी होती. इटलीतून येणाऱ्या बोरिक आम्लापासून टाकणखार तयार करण्याची पद्धत पायेन यांनी बसवली आणि डचांपेक्षा कितीतरी स्वस्त दराने माल विकून ती मक्तेदारी मोडून काढली. १८२० मध्ये वडिलांचे निधन झाले व सर्वच कारखान्यांची धुरा तरुण पायेन यांच्या खांद्यावर आली. बीटापासून साखर बनवताना रसाचा रंग घालवण्यासाठी त्यांनी हाडांच्या कोळशाचा वापर केला. मळ वेगळा करायचा आणि मूळ पदार्थ हाती घ्यायचा, ही कारखान्यातली सवय पुढे त्यांच्या संशोधनाची रीतच बनली.

१८३३ मध्ये झाँ-फ्रान्स्वा पेर्सो यांच्यासह त्यांनी मोड आलेल्या सातूच्या अर्कातून एक पदार्थ वेगळा काढला. तो पिष्टाचे साखरेत रूपांतर करत असे. त्यास त्यांनी डायास्टेज हे नाव दिले. सजीवांतून वेगळे काढलेले हे पहिले विकर मानले जाते. विकरांच्या नावांच्या शेवटी आजही लागणारा ‘एज’ हा प्रत्यय त्याच नावावरून आला. त्यानंतर लवकरच पायेन उद्योगातून बाहेर पडले आणि अध्यापन व संशोधनाकडे वळले.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूक यांनी १६६५ सालीच बुचाच्या कापात पेशींच्या रिकाम्या कोठड्या पाहिल्या होत्या. कोठड्या दिसल्या, पण त्यांच्या भिंती कशाच्या, या प्रश्नाचे उत्तर पावणेदोनशे वर्षे मिळाले नव्हते. लाकडाचे पृथक्करण केले की झाडागणिक वेगळे आकडे येत, त्यामुळे प्रत्येक लाकूड हा स्वतंत्र पदार्थच भासे. पायेन यांनी येथे कारखान्यातली रीत अवलंबिली. वनस्पतींच्या निरनिराळ्या भागांवर त्यांनी नायट्रिक आम्ल, अल्कली, अल्कोहोल व ईथर यांची प्रक्रिया केली. जे विरघळले ते निघून गेले, आणि जो पांढरा तंतुमय अवशेष राहिला तो सगळीकडे सारखाच निघाला. त्याच्या शंभर भागांत सुमारे ४४ भाग कार्बन होता. त्याची घडण पिष्टासारखी होती, पण गुणधर्म निराळे होते. १८३८ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष मांडला. पेशी या अर्थाच्या शब्दावरून बेतलेले ‘सेल्युलोज’ हे नाव १८३९ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीच्या अहवालातून रूढ झाले.

मात्र हे मत सहजासहजी मान्य झाले नाही. एडमंड फ्रेमी या त्यांच्याच देशबांधव रसायनशास्त्रज्ञाचे म्हणणे असे, की पेशीभित्तिकेत सेल्युलोजचे अनेक प्रकार असतात. पायेन आपल्या मतावर ठाम राहिले. पदार्थ एकच आहे. फरक दिसतो तो त्यावर चढलेल्या पुटांमुळे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांनी पूट म्हणून वेगळ्या काढलेल्या द्रव्यांत मुख्य होते ते आज लिग्निन म्हणून ओळखले जाते. लाकडातील लिग्निन रसायनांनी विरघळवून तंतू मोकळे करायचे, याच तत्त्वावर पुढे कागदाचा रासायनिक लगदा तयार होऊ लागला.

फ्रान्स व प्रशिया यांच्या युद्धात पॅरिसला वेढा पडला, तेव्हा पंचाहत्तरी गाठलेले पायेन शहर सोडून गेले नाहीत. मे १८७१ मध्ये, पॅरिस कम्यूनच्या धामधुमीत, त्यांचे निधन झाले. तोवर वादाचा निकाल लागला नव्हता. विसाव्या शतकात क्ष-किरणांच्या साह्याने कापूस, ताग व लाकूड यांतील सेल्युलोजची रचना तपासली गेली आणि ती एकच असल्याचे दिसले. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब साखळी, हेही स्पष्ट झाले. पिष्टही ग्लुकोजचेच, फक्त सांधा जोडण्याची पद्धत वेगळी. तेवढ्या फरकाने एक माणसाचे अन्न ठरते, तर दुसरे माणसाला पचत नाही.

भिंत कशाची, हे पायेन यांनी सांगितले. ती झाड कसे बांधते, हा पुढचा प्रश्न होता. पेशीच्या पटलात सहा पाकळ्यांच्या फुलासारखे विकरसमूह असतात. ते ग्लुकोजचे रेणू एकापुढे एक जोडत साखळ्या विणतात आणि पटलाबाहेर सोडतात. हे समूह मक्यात १९८० साली दिसले. या विकराचे जनुक १९९६ मध्ये कापसाच्या बोंडातील तंतूंमध्ये सापडले, तर वनस्पतीतील विकराची सूक्ष्म रचना २०२० मध्ये उलगडली. अमेरिकन केमिकल सोसायटीचा सेल्युलोज संशोधनासाठीचा पुरस्कार १९६२ पासून पायेन यांच्याच नावाने दिला जातो. पिष्टावर काम करणारे पहिले विकर वेगळे काढणाऱ्या माणसाने नाव दिलेला पदार्थही एका विकराचीच निर्मिती निघावा, हा विज्ञानाच्या इतिहासातील एक सुरेख योग म्हटला पाहिजे.