रूबेन सालाझार

तुरुंगाची हकीकत लिहावयाची, तर स्वतः कैदी व्हावें, असें ठरविणारा वार्ताहर विरळाच. रूबेन सालाझार हे तसे होते. त्यांचा जन्म ३ मार्च १९२८ रोजीं मेक्सिकोंतील सियुदाद ह्वारेझ येथें झाला. नदीपलीकडील एल पासो या अमेरिकन शहरांत ते वाढले, आणि तेथेंच वृत्तपत्रांत असतां भटक्याचें सोंग घेऊन त्यांनीं स्वतःस अटक करवून घेतली!

१९५९ सालीं ते 'लॉस एंजेलिस टाइम्स' या दैनिकांत आले. पुढें व्हिएतनामच्या युद्धाच्या बातम्याहि त्यांनीं पाठविल्या. परत आल्यावर मात्र आपल्याच शहरांतील मेक्सिकन वंशाच्या लोकांची दुःखें, शाळांतून त्यांच्या मुलांची होणारी उपेक्षा, पोलिसांचा जाच, हे त्यांच्या लेखणीचे विषय झाले. परंतु तें सारें इंग्रजींत! ज्यांच्याविषयीं लिहावयाचें, त्यांच्यापैकीं कित्येकांस तें वाचतां येत नसे. म्हणून १९७० सालीं ते केएमईएक्स या स्पॅनिश दूरचित्रवाणी केंद्राचे वृत्तसंचालक झाले. दैनिकांतील साप्ताहिक लेख त्यांनीं चालूच ठेविला. हा निर्णय आम्हांस त्यांच्या साऱ्या कार्यांत थोर वाटतो.

२९ ऑगस्ट १९७० रोजीं व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निघालेल्या मोर्चाच्या वेळीं दंगल उसळली. सालाझार सहकाऱ्यांसह 'सिल्व्हर डॉलर' नांवाच्या उपाहारगृहांत बसले असतां, शेरिफच्या एका शिपायानें दारांतून झाडलेलें अश्रुधुराचें नळकांडें त्यांच्या मस्तकास लागलें व ते गतप्राण झाले. वय अवघें ४२. चौकशी झाली, खटला कोणावरहि झाला नाहीं. ज्या बागेंत त्या दिवशीं सभा भरली होती, तिला पुढें त्यांचें नांव देण्यांत आलें.